ज्युनिपरची ‘किडनी क्लीन्झ’ आणि किडनीचे रुग्ण

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘ज्युनिपर बेरी’च्या कॅप्सूल, चहाच्या पुड्या आणि थेंब ऑनलाइन बाजारात ‘किडनी क्लीन्झ’, ‘सूज उतरवते’, ‘शुगर ताब्यात’ अशा मथळ्यांखाली विकले जातात. ज्यांनी ज्युनिपरला हात लावू नये, नेमक्या त्यांनाच हा माल गळ्यात मारला जातो, म्हणून हे पत्र.

ज्युनिपर आपल्याला परके नाही. आयुर्वेदात ती हपुषा. काष्ठौषधीच्या दुकानात हाऊबेर म्हटले की मिळते. झुडूप हिमालयातल्या उंचीवरचे, महाराष्ट्रात उगवत नाही. चवीला तिखट-कडू, गुणाने उष्ण; अग्निमांद्य (भूक-पचन मंदावणे), गुल्म (पोटात गोळा येणे), पोटशूळ, उदर (पोटात पाणी होऊन फुगणे), मूळव्याध हे तिचे जुने उपयोग. जर्मनीच्या ‘कमिशन ई’ या तज्ज्ञ समितीनेही ती अपचनासाठी मान्य केली. युरोपीय औषध संस्था त्यात गॅसेसची तक्रार आणि लघवीचे प्रमाण वाढवून मूत्रमार्ग धुऊन काढण्यास मदत, एवढीच भर घालते, तीही ‘पारंपरिक वापर’ या वर्गात. म्हणजे वापर जुना आहे, एवढेच मान्य. रुग्णांवरील चाचण्यांनी गुण सिद्ध झाला, असे नव्हे. मूतखडा विरघळतो किंवा क्रिएटिनिन (किडनीचे काम कळण्यासाठी रक्तात मोजतात तो घटक) उतरते, असे यात कुठेही नाही.

आता प्रमाण. ‘कमिशन ई’ने दिवसाला २ ते जास्तीत जास्त १० ग्रॅम वाळलेली फळे सांगितली आहेत, म्हणजे त्यांतले २० ते १०० मिलिग्रॅम तेल. चहा करायचा तर २ ग्रॅम फळे वजनकाट्यावर मोजावीत, वापरायच्या वेळीच ठेचावीत, कपभर उकळते पाणी ओतून दहा मिनिटे झाकण ठेवावे आणि गाळून घ्यावे. काढ्यासारखे उघड्या पातेल्यात आटवले तर सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जाते आणि कडवट पाणी उरते. आधीच दळून ठेवलेल्या चूर्णाचेही तेच: डबा जुना झाला की गुण गेला, मग माणूस चमचे वाढवतो. पोटासाठी घ्यायचे तर थोडे दिवस घ्यावे. चार आठवड्यांपुढे डॉक्टर किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय नको.

खरा धोका तेलाच्या बाटलीत आहे. युरोपीय औषधकोशाच्या किमान निकषानुसार एक किलो वाळलेल्या फळांत १० मिलिलिटर तेल असावे लागते. म्हणजे अरोमाथेरपीची १० मिलिची छोटी बाटली ही जवळजवळ किलोभर फळांचा अर्क असू शकते. तेलाचा एक थेंब साधारण २५ ते ४० मिलिग्रॅम भरतो, तेव्हा तीन-चार थेंबांतच दिवसाची कमाल मर्यादा संपते. ‘सकाळी कोमट पाण्यात पाच-सहा थेंब’ हा समाजमाध्यमांवरचा सल्ला पहिल्याच घोटात ती ओलांडतो. शिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते आणि अन्ननलिकेला तसेच चिकटते. हे तेल पोटात घेऊ नये, एवढे साधे ठेवावे. अमेरिकेत ते खाद्यपदार्थांना स्वाद देण्यासाठी सुरक्षित मानतात, पण स्वादाची मात्रा निराळी आणि औषधाची निराळी. जिनलाही हाच स्वाद असतो. तिला कोणी औषध म्हणत नाही. (निदान डॉक्टरांसमोर तरी.)

अतिमात्रेत काय होते? कमरेच्या बाजूला दुखते, लघवीची आग होते, लघवीतून प्रथिने किंवा रक्त जाते, छातीत धडधडते, रक्तदाब चढतो, क्वचित झटके येतात. मूत्रपिंडाची ही हानी कशामुळे होते, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. जुन्या नोंदींमागे टर्पेंटाइनची भेसळ किंवा पाने-फांद्या मिसळून काढलेले तेल असावे, असा एक युक्तिवाद आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात प्रयोगशाळेतल्या उंदरांना २८ दिवस चांगल्या प्रतीचे तेल देऊनही मूत्रपिंडाला इजा दिसली नाही. आम्ही हा अभ्यास मानतो. पण त्यातले उंदीर निरोगी होते, तेल तपासलेले होते. आधीच नेफ्रायटिस (मूत्रपिंडाचा दाह) असलेल्या माणसाने भेसळीची खात्री नसलेली बाटली घेणे, ही गोष्टच वेगळी.

म्हणून मूत्रपिंडाचा दाह किंवा जुनाट विकार असलेल्यांनी हपुषा घेऊच नये. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनीही नको; मूत्रमार्ग धुण्याच्या उपचारात भरपूर पाणी प्यावे लागते आणि त्यांना नेमके तेच चालत नाही. गर्भवतींना, गर्भधारणेची इच्छा असलेल्यांना आणि अंगावर पाजणाऱ्या मातांना पूर्ण वर्ज्य: मादी उंदरांवरच्या प्रयोगांत या फळांच्या अर्काने गर्भ रुजण्यात अडथळा आला आणि गर्भपातही झाले. मधुमेही उंदरांत रक्तातली साखर उतरलेली दिसली आहे. माणसांत याचा पुरावा तोकडा, पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवर असलेल्याने हे घेतले तर साखर खाली घसरण्याची शक्यता धरून चालावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि विशेषतः लिथियम (मनोविकारावरचे औषध) चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. ताप, थंडी, लघवीत रक्त ही लक्षणे असतील तर चहा करत बसू नये. लघवीची तपासणी करून घ्यावी.

झाड कोणते, हाही प्रश्न आहेच. औषधी जात ‘ज्युनिपेरस कम्युनिस’; बाजारात तिच्या नावाखाली दुसऱ्या हिमालयी जातींची फळेही येतात. ‘ज्युनिपेरस सबिना’ तर विषारी आहे. ‘केड ऑइल’ हे तिसऱ्याच जातीच्या लाकडाचे डांबर, पोटात घेण्याचे नव्हेच. तेव्हा लेबलवर लॅटिन नाव, वापरलेला भाग आणि मिलिग्रॅममधली मात्रा नसेल, तर पुडी जागेवर ठेवावी. नर्सरीतली शोभेची ज्युनिपर किंवा अंगणातल्या मोरपंखीची फळे हे यातले काहीच नव्हे. ती तोडून चहात टाकू नयेत.

आता आपल्या वृत्तपत्राकडे. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, लठ्ठपणा आणि मूत्रपिंडातील खडे आहेत. हे विकार बरे करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात छापणे हा गुन्हा आहे. आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवान्याचा क्रमांक हवा. अन्नसुरक्षा परवान्यावर ‘हेल्थ सप्लिमेंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ हे छापणे बंधनकारक आहे. डबीवर हे आणि जाहिरातीत ‘किडनी स्वच्छ’, ही जोडी जुळत नाही. जाहिरात विभागाने विक्रेत्याकडून लेबलचा फोटो मागवला तरी बरेच काम होईल. पुरवणीतल्या घरगुती उपायांच्या सदरातही मात्रा, मुदत आणि कोणी घेऊ नये, या तीन गोष्टी नसतील तर असा मजकूर छापू नये, ही विनंती.

ज्यांनी आधीच काही आठवडे हे घेतले आहे त्यांनी ते थांबवावे आणि लघवीची साधी तपासणी व क्रिएटिनिन करून घ्यावे. डॉक्टरांकडे जाताना डबी बरोबर न्यावी. ‘काहीतरी आयुर्वेदिक’ एवढ्यावर त्यांना काही ठरवता येत नाही. त्रास झाला असल्यास जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयातील औषधसुरक्षा केंद्राकडे त्याची नोंद करता येते.

आपले,
द्रव्यगुण आणि औषधनिर्माणशास्त्राचे काही अध्यापक, पुणे