पन्नास रुपये भरले की घोडी परत? पशुसंवर्धनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सन्माननीय मंत्री महोदय,

स.न.वि.वि.

परवा माझ्या हाती न्यायालयाच्या आदेशाचा कागद पडला. आमच्या गोठ्यात उभी असलेली वछेरी, म्हणजे कोवळ्या वयाची घोडी, आठ दिवसांत मूळ मालकाच्या ताब्यात द्यायची आहे. तिला उपाशी ठेवल्याचं त्यानं कबूल केलं, पन्नास रुपये दंड भरला आणि लगोलग ताब्यासाठी अर्ज केला. तुळशीची लग्नं लागली, मुहूर्त सुरू झाले, वरातीला घोडी हवी. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. ते जमणार नाही.

वैशाखातली लग्नसराई ओसरल्यावर एका बंद वीटभट्टीमागे ती बाभळीला बांधलेली सापडली. वय दोन-अडीच वर्षं, दुधाचे पुढचे दात नुकते पडायला लागलेले. मोरकी नाकाडात इतकी रुतली होती की दोरीवर मांस चढलं होतं. चारा नाही, पाणी नाही. तोंड पोचेल तिथवर झाडाची साल सोललेली. आसपास लीद दिसेना, कारण ती स्वतःची लीद खात होती. आयाळीत मात्र वरातीची चमकी अजून अडकलेली होती. गावातल्या पोराने ओळखलं म्हणून मालकाला फोन लावला. तो म्हणाला, "ती घोडी माझी नाही." हे वाक्य लक्षात ठेवा, महोदय.

माणसं जमली ती चांगल्या मनाने. कुणी भिजवलेला हरभरा आणला, कुणी गूळ, कुणी भाकरी. मी कुणाला काही घालू दिलं नाही, त्याबद्दल बोलणीही खाल्ली. एका निवृत्त पशुवैद्यांनी फोनवर बजावलं होतं की दाण्याला हात लावायचा नाही. हाडं वर आलेल्या घोड्याला एकदम चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, चढवली की रक्तात साखर वाढते, इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. मग हृदय दगा देतं. उपासातून वाचलेलं जनावर पोटभर खाल्ल्यानंतर तीन ते पाच दिवसांत जाऊ शकतं. म्हणून वाळलेला लसूणघास, दर चार तासांनी साधारण अर्धा किलो, रात्री दोनलासुद्धा. हळूहळू वाढवत दहा दिवसांनी पोटभर. जंताचं औषधसुद्धा लगेच द्यायचं नाही, अंगात ते सोसण्याइतकी ताकद नसते. धनुर्वाताची लस मात्र आधी, कारण घोड्याला साध्या जखमेतूनही धनुर्वात होतो.

रात्री दोनला मी टोपली घेऊन गेले की ती मान वर न उचलता नाकपुड्या फुरफुरवायची. तेवढीच ताकद होती. मग एका पहाटे आडवी झाली ती उठेना. पडून राहिलेल्या घोड्याचं स्वतःच्याच वजनाने मांस सडतं, म्हणून दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची. पोटाखाली शिवलेली पोती घालून शेजारची चार माणसं तिला उचलायची, मी डोकं धरायची. खुब्यावरच्या जखमेत अळ्या पडल्या, त्या एकेक चिमट्याने काढल्या. माझ्या कमरेचं दुखणं तेव्हापासूनचं आहे. भाचीच्या हळदीला गेले नाही, बहीण अजून बोलत नाही. सलाईन, चारा, औषधं, खुरं साळणाऱ्या नालबंदाची मजुरी मिळून साठेक हजार गेले. त्यासाठी दुभती म्हैस विकली. आमच्या घरात त्या म्हशीच्या दुधावर किराणा यायचा.

हे मी उपकार म्हणून सांगत नाही. जिल्ह्याच्या एका कार्यालयातले अधिकारी पावसाळ्याच्या तोंडाला येऊन गेले. फोटो काढले, शाबासकी दिली आणि सहीनिशी लिहून दिलं की चाऱ्याचा खर्च मिळेल आणि निकाल लागेपर्यंत व लागल्यावरही जनावर सुरक्षित राहील याची काळजी घेतली जाईल. आज त्यांची बदली झाली आहे. नवीन साहेब म्हणतात, अशी तरतूदच नाही. मग तो कागद कसला होता?

म्हणून मी कायदा वाचायला बसले. बारावी शिकलेली बाई आहे, चूक असेल तर आपल्या खात्यातल्या कुणीही दाखवावी. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा. जनावराला अन्नपाणी न देणं हा कलम 11 खाली गुन्हा आहे आणि पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये. 1960 साली पन्नास रुपयांना किंमत होती. आज तेवढ्यात एक तोबरा चंदीने भरत नाही. शिवाय गुन्हा अदखलपात्र. दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ठाण्यात मला तेच सांगितलं आणि बाकावर बसवून ठेवलं. पाय कापला असता तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागलं असतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. उपाशी ठेवून तिळतिळ झिजवलं तर पन्नास रुपये.

दुरुस्ती करता येत नाही, असं कृपा करून सांगू नका. बैलगाडा शर्यती सुरू व्हाव्यात म्हणून याच कायद्यात याच राज्याने 2017 मध्ये दुरुस्ती केली. अटी मोडून बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, असं तुमच्याच विधिमंडळाने लिहिलं. म्हणजे पाच लाखांचा आकडा सभागृहाला लिहिता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच शिक्षा वाढवायला सुचवलं होतं. केंद्राने 2022 मध्ये दुरुस्तीचा मसुदा काढून लोकांची मतं मागवली. त्याचा कायदा अजून झालेला नाही. शर्यतीमागे मतं आहेत. वीटभट्टीमागे बांधलेल्या वछेरीमागे कोण आहे?

2001 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था सहा महिन्यांत उभी राहायला हवी होती, तिला निवारा आणि दवाखाना हवा होता. तसा निवारा आमच्या भागात असता तर मी कशाला गोठ्यात रात्री काढल्या असत्या? गंमत नाही हो ही, केंद्राचे 2017 चे नियम सांगतात की खटल्यातलं जनावर पांजरपोळ, गोशाळा किंवा नोंदणीकृत संस्थेकडे ठेवावं. जीव लावणाऱ्या साध्या माणसाचं त्यात नाव नाही. त्यामुळे माझा हक्क शून्य, खर्च सगळा माझा.

आणि घोडा तर कुणाच्या खिजगणतीत नाही. योजना बहुतेक करून गायीला, म्हशीला, शेळीला, कोंबडीला. 2019 च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टू मिळून साडेतीन लाखसुद्धा भरले नाहीत. सात वर्षांत जवळजवळ निम्मे कमी झाले. सारंगखेड्याच्या यात्रेत लाखांच्या घोड्यांशेजारी उभं राहून फोटो काढायला सगळे येतात. वरातीत नोटा ओवाळायलाही सगळे येतात. हंगाम संपल्यावर ती घोडी काय खाते, हे कुणी विचारत नाही, कारण तिच्या दुधाची डेअरी नाही आणि तिच्या नावाने मतदारसंघ नाही.

आमच्याकडे तिला दुर्वा म्हणतात. आता अंग भरलंय. खरारा केला की पाठ चमकते, धुळीत लोळून चारही पाय वर करते. मालक मागच्या महिन्यात येऊन कुंपणाबाहेरून पाहून गेला, त्यानंतरच त्याला ती स्वतःची असल्याचं आठवलं. भुकेली होती तेव्हा कुणाची नव्हती.

न्यायालयाबद्दल माझी तक्रार नाही, त्यांना कायद्यात आहे तेवढंच देता येतं. पण त्याच कायद्यात कलम 29 आहे. जनावर पुन्हा त्याच हालात पडेल असं पुराव्याने दिसलं तर दोषी मालकाची मालकी काढून ते सरकारजमा करता येतं. फोटो आहेत, डॉक्टरांचा दाखला आहे, "माझी नाही" म्हणाल्याची साक्ष द्यायला तिघे तयार आहेत. हे न्यायालयापुढे मांडायचं काम सरकारी वकिलांचं होतं. कुणी मांडलं नाही. ते आता मांडायला सांगा, आणि तोवर ताब्याच्या आदेशाला स्थगिती मागायला सांगा. कलम 35 प्रमाणे मालकाकडून वसूल करायच्या खर्चाचे दर जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी ठरवायचे असतात. आमच्या जिल्ह्यात ते ठरलेत का, हेही लेखी कळवा. माझे पैसे नंतर दिलेत तरी चालतील.

मुदत येत्या शुक्रवारी संपते. अर्ज गुरुवारपर्यंत दाखल व्हायला हवा. औषधांची बिलं, डॉक्टरांचा दाखला आणि त्या अधिकाऱ्यांच्या सहीच्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
नीरा खोऱ्यातील एक शेतकरी महिला