बाळाबद्दल, आणि बाबांबद्दलही

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला गेलो की बाबा स्पीकर लावतात आणि ओट्यावर शेजारच्या काकू असतातच. म्हणून पत्र. बाबा, विषय कळल्यावर उठून जाऊ नका.

आई, बाळाची नुन्नी दिसतच नाही म्हणून तू दिवाळीत रडलीस. परवा मुलांच्या सर्जनना दाखवलं. त्यांनी बुंध्याजवळची चरबी दोन बोटांनी हाडापर्यंत दाबली, तशी नुन्नी पूर्ण बाहेर आली आणि बोटं काढताच कासवाच्या मानेसारखी आत गेली. मग हाडाला पट्टी टेकवून, ताणून लांबी मोजली. वयाच्या मानानं अगदी नीट आहे. खरंच लहान असती तर हार्मोनच्या तपासण्या कराव्या लागल्या असत्या. इथे कमी काहीच नाही, फक्त झाकलेलं आहे. बुंध्याशी कातडी आतल्या थराला धरलेली नाही आणि कातडीखालचे चिवट पट्टे तिला आत ओढतात. जन्मतःच असतं हे. तुझ्या सुनेनं गरोदरपणात काय खाल्लं, याचा काही संबंध नाही.

तुमच्या गल्लीतले डॉक्टर 'सुंता करून टाका' म्हणाले होते ना? तेवढं मात्र होऊ द्यायचं नाही. वरची कातडी आधीच तोकडी. ती कापली तर जखमेचा वण बटव्याच्या नाडीसारखा आवळतो आणि नुन्नी आत अडकते. पुढे ऑपरेशन करायची वेळ आली तर झाकायला हीच कातडी लागते. तू इतकी वर्षं ब्लाउज शिवतेस, माप घेण्याआधी कापड कापतेस का?

ऑपरेशन म्हणजे पूर्ण भूल देऊन कातडी मुळापर्यंत सोडवायची, ओढणारे पट्टे कापायचे आणि बुंध्याशी कातडी आतल्या घट्ट थराला टाके घालून बसवायची. सूज काही आठवडे राहते. पण बाळ आत्ता दीड वर्षाचा आहे. चालू-पळू लागल्यावर चरबी झडते, काहींना ऑपरेशन लागतही नाही. त्यामुळे तूर्त थांबायचं.

तो तुमच्याकडे महिनाभर असेल तेव्हा मालिश करताना, आंघोळ घालताना कातडी मागे ओढू नकोस. वरून पाणी घाल, बस्स. हळद, तेल, काही नको. शू करताना कातडी फुग्यासारखी फुगली, किंवा लाली, ताप आला तर लगेच फोन कर.

आता बाबा. सर्जन बोलता बोलता म्हणाले की मोठेपणीही असं होतं. पोट सुटलं की चरबीखाली सगळं दबतं, लघवी कातडीत साठते, ओल राहून त्वचा सोलवटते. कधी पांढरे चट्टे येतात, ते तपासून घ्यावेच लागतात. वण एकदा धरला की नुसतं वजन उतरवून सुटत नाही, कधी खराब कातडी काढून मांडीची लावावी लागते. मला तुम्ही आठवलात. लेंग्यावरचे थेंब मी पाहिलेत, बसून लघवी करता तेही. 'शुगरमुळे असेल' म्हणून दोन वर्षं ढकललीत.

आईपासून लपवा म्हटलं असतं, पण पत्र तीच मोठ्यानं वाचत असणार.

शनिवारी सकाळच्या एसटीनं येतो. सोमवारी आपण दोघं यूरॉलॉजिस्टकडे जाऊ, नंबर लावून ठेवलाय. शुगरचे जुने रिपोर्ट काढून ठेवा.

तुमचा,
बंड्या