दादाला विचारून मगच हात लावणाऱ्या भाऊंना

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

माझा दादा ज्या निवासी संस्थेत राहतो, तेथे तुम्ही काळजीवाहक आहात. आंघोळ, जेवण, औषधे, कपडे एवढीच तुमच्या कामाची नोंद वहीत होते. तुम्ही त्यापलीकडे जे करता त्यासाठी त्या वहीत रकाना नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दिव्यांग माणसे सांभाळणारी घरे गावोगावी आहेत, त्यांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

दादाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. हातपाय ताठरतात, बोलणे अस्पष्ट येते, मात्र त्याला समजते सगळे. घाई केली किंवा अचानक हात ओढला की त्याचे अंग अधिकच आवळते. मग सदरा चढवणेही अवघड होते आणि पाहणाऱ्याला वाटते की हाच हट्ट करतो आहे. आईवडील गेल्यानंतर तो प्रथम ज्या संस्थेत राहिला तेथे पहाटे सर्वांची एका ओळीत आंघोळ होई, सर्वांचे केस सारखेच कापले जात आणि घास भरवण्याचा वेग वाढणाऱ्याच्या सवडीवर ठरत असे. तेथे मारहाण नव्हती, उपासमारही नव्हती. पण दादाला कोणी काही विचारत नव्हते.

तुम्ही विचारता, आणि विचारून झाल्यावर थांबता. हे थांबणे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण दादाच्या तोंडून होकार किंवा नकार यायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात बहुतेक माणसे, आम्ही नातेवाईकसुद्धा, उत्तर स्वतःच देऊन मोकळी होतात. तुम्ही दोन सदरे त्याच्यासमोर धरता आणि त्याची नजर कोठे स्थिरावते ते पाहता. वर पाहिले तर ‘हो’ आणि मान वळवली तर ‘नाही’, ही खूण तुम्ही त्याच्याकडूनच शिकून घेतलीत आणि रात्रपाळीच्या मावशींनाही शिकवलीत.

जेवणाचेच पाहा. चमच्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून तुम्ही तो जाड केला, थाळी सरकू नये म्हणून तिच्याखाली ओला रुमाल ठेवला, आणि दादाला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून गिळायची सवय लावलीत, म्हणजे ठसका लागत नाही. आता वरणात कुस्करलेली भाकर तो आपल्या हाताने खातो. वेळ दुप्पट लागतो, अर्धे अंगावर सांडते. तुम्ही भरवले असते तर तुमचे काम लवकर आटोपले असते, हे मला कळते.

पैशांबद्दल तर तुमचे ऋण विशेष आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे दादाच्या स्वतःच्या खात्यात जमा होतात, परंतु ते कसे खर्च करायचे हे कायम दुसऱ्यानेच ठरवले होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील कलम 13 नुसार आपले आर्थिक व्यवहार आपल्या ताब्यात ठेवण्याचा हक्क दिव्यांग व्यक्तीलाही आहे, हे तुम्ही व्यवस्थापकांना शांतपणे सांगितलेत. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी दादा स्वतः खरेदीला जातो. त्याने पहिल्यांदा काय घ्यावे? रेडिओचे सेल, आणि तर्रीत कुस्करून खाण्यासाठी आलूबोंडा. मला वाटले होते तो स्वेटर घेईल.

त्या बाजारापर्यंत व्हीलचेअर स्वतः ढकलत जाण्याचा त्याचा आग्रह होता आणि संस्थेला अपघाताची भीती होती. ती भीती खोटी नव्हती. कापसाच्या हंगामात त्या रस्त्यावर गाड्यांची रीघ असते. तुम्ही नकार दिला नाहीत आणि त्याला एकटेही सोडले नाहीत. आधी दोघे मिळून रस्ता पाहून आलात, उताराची जागा त्याला दाखवलीत, खुर्चीच्या मागे लाल फडके बांधलेत आणि काही पावले मागे राहून चाललात. माणसाला सुरक्षित ठेवणे आणि त्याला कोंडून ठेवणे यांतला फरक मी तेथे पाहिला.

पोळ्याच्या वेळची गोष्ट मला जड गेली होती. मी गाडी घेऊन आले आणि दादाने घरी यायला नकार दिला. संस्थेतल्या मित्रांबरोबर त्याला मातीचे बैल रंगवायचे होते. मी तुमच्याकडे आशेने पाहिले. तुम्ही समजूत घालाल असे वाटले होते. तुम्ही इतकेच म्हणालात, “ताई, त्यानं सांगितलं ना.” बहिणीला आवडेल तेच निवडले तर ती त्याची निवड कशी, हा विचार मला परतीच्या वाटेवर सुचला. याच अधिनियमाचे कलम 5 सांगते की दिव्यांग व्यक्तीवर विशिष्ट निवासव्यवस्थेत राहण्याची सक्ती होऊ नये यासाठी शासनाने प्रयत्न करावा. दादाला येथेच राहायचे आहे का, हे तुम्ही त्याला अधूनमधून पुन्हा विचारता आणि त्याचे उत्तर मला कळवता, यासाठीही आभार.

तुमचा पगार तुटपुंजा आहे आणि एका पाळीत तुमच्याकडे माणसे फार असतात. केवळ तुमच्या चांगुलपणावर हे चालू राहावे असे मला वाटत नाही. काळजीवाहकांची संख्या वाढवावी आणि दादाच्या खुणांची तुमची वही नव्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात वापरावी, अशी लेखी विनंती मी व्यवस्थापकांना करत आहे.

हे पत्र प्रसिद्ध करण्यापूर्वी दादाला वाचून दाखवले. बालपणीचा एक प्रसंग त्याने काढायला लावला, तो काढला आहे. आणि एक गोष्ट घालायला सांगितली: दाढी तुम्ही छान करता, पण मिशी त्याला ठेवायची आहे.

तुमची कृतज्ञ,
दादाची धाकटी बहीण