बेरियाला शिकणाऱ्या मुलास

चि. समीर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सुखरूप पोहोचल्याचा निरोप माझ्या फोनवर आला, बाबांच्या फोनवर आला नाही. त्याविषयी या पत्रात काही लिहायचे नाही, असे मी ठरवले आहे.

तुझ्या महाविद्यालयाचा इतिहास मी सध्या वाचते आहे. जॉन फी या पाद्र्याने अमेरिकेतल्या केंटकी राज्यात १८५५ साली एका खोलीच्या शाळेने बेरिया महाविद्यालयाची सुरुवात केली, एवढे तू सांगितले होतेस; पण तो स्वतः गुलाम बाळगणाऱ्या घरातला होता, हे सांगितले नव्हतेस. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीच्या लेन सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, शिकत असताना गुलामगिरी हे पाप आहे अशी त्याची खात्री झाली आणि तो वडिलांनाही तेच सांगू लागला. तेव्हा, पुस्तके बांध आणि घरी ये, गुलामगिरी नसलेल्या राज्यात तुझ्यावर मी यापुढे एक डॉलरही खर्च करणार नाही, असे वडिलांनी त्याला कळवले. पुढे त्यांनी त्याला वारसाहक्कही नाकारला. फी बरोबर होता, यात मला तिळमात्र शंका नाही, तरीही माझे मन त्या बापलेकांपाशीच अडून बसले.

तुझे बाबा तसे नाहीत. पुण्याच्या कॉलेजातली जागा सोडून झाडू बांधायला चालला आहेस, हे ते रागाच्या भरात बोलले. तूही त्यावर भाऊकाकांचे नाव काढायला नको होतेस. आता त्यांच्याशी फोनवर दोन मिनिटे बोललास तरी पुरे आहे. पण असो.

त्या वडिलांकडूनच फीने जुलेट माइल्स या स्त्रीला विकत घेऊन मुक्त केले. ती सुटली, परंतु तिची मुले गुलामीतच राहिली. १८५८ मध्ये मुलानातवंडांना ओहायो नदीपलीकडे, गुलामगिरी नसलेल्या राज्यात, नेण्यासाठी ती परत आली, पकडली गेली आणि केंटकीतल्याच फ्रँकफर्टच्या तुरुंगात वारली. संस्थापकांची नावे इमारतींना मिळतात, पण तुमच्या महाविद्यालयाच्या पायात ही आईसुद्धा आहे, असे मला वाटते. तिच्याविषयी तिथे काही वाचायला मिळाले तर मला अवश्य कळव.

गुलामगिरी मोडण्यासाठी जॉन ब्राउनने हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर केलेल्या हल्ल्यानंतर, डिसेंबर १८५९ मध्ये, हत्यारबंद लोकांनी बेरियाच्या मंडळींना दहा दिवसांत राज्य सोडण्याचा हुकूम दिला. इतके सोसूनही ती माणसे अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर परतली आणि १८६६-६७ मध्ये तिथल्या १८७ विद्यार्थ्यांपैकी ९६ कृष्णवर्णीय व ९१ गोरे होते. गुलामगिरी संपून दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा ही मुले शेजारी बसून शिकत होती. पुढे केंटकीच्या १९०४ च्या कायद्याने त्यांना वेगळे केले आणि १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो कायदा उचलून धरला. फी १९०१ मध्येच गेला होता. एकत्र शिकण्याची वाट पुन्हा मोकळी व्हायला १९५० साल उजाडावे लागले.

अशा ठिकाणी तू शिकतो आहेस, याचा मला फार अभिमान वाटतो. शिक्षणशुल्क नाही आणि प्रत्येकाने आठवड्याला किमान दहा तास काम करायचे, मग ते झाडू बांधण्याचे का असेना, ही रीत तर मला मनापासून आवडली. मिळेल ते काम नीट कर, वेळेवर जा, कोणत्याही कामाला हलके म्हणू नकोस, सोबतच्यांशी नम्रपणे वाग, आणि थोरांनी चार शब्द कठोर बोलले म्हणून मनात अढी धरू नकोस. पाहा, मी पुन्हा उपदेश करू लागले, क्षमा कर. सातवीत तू शाळेच्या प्रदर्शनासाठी लाकडी पूल केला होतास, तेव्हा रात्री उशिरापर्यंत बाबा खाली बसून तुला खिळे धरून देत होते. ते तुझ्या कामाला कमी लेखतात, असे मला म्हणूनच कधी वाटले नाही. त्यांना भीती एवढीच आहे की तू परत येणार नाहीस. ती त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडायची नाही, म्हणून मीच लिहिते आहे.

तुझ्याकडे शनिवारी रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा इथे रविवारी सकाळचे साडेआठ झालेले असतात. त्या वेळी ते घरीच असतात. फोन त्यांच्याच नंबरवर कर.

तुझी,
आई