खोक्यावरचा झूम आणि लेन्सवरचा झूम

संपादक महोदय,

तुमच्या पुरवणीत अधूनमधून स्वस्तातल्या डिजिटल कॅमेऱ्यांची माहिती येते, मी त्याची कात्रणं काढून ठेवणाऱ्यांतला आहे, पण त्यात मोठ्या अक्षरात असतात मेगापिक्सेल (फोटोत किती दहा लाख ठिपके, म्हणजे पिक्सेल, ते) आणि झूम, आणि तो झूम ऑप्टिकल, म्हणजे लेन्सने केलेला, का डिजिटल ते काही लिहिलेलं नसतं. ह्याच दोन आकड्यांना भुलून मी पोरीला वाढदिवसाला कॅमेरा घेतला, ४८ मेगापिक्सेल, १६ एक्स झूम, म्हटलं मोबाइलच्या तोंडात मारेल.

पहिल्याच दिवशी पोरीने झूम फुल्ल करून झाडावरचा पक्षी टिपला आणि कॉम्प्युटरवर उघडला तर पक्षी कुठला, नुसते करडे चौकोन. बिचारीला वाटलं आपलाच हात हलला. हात नव्हता हलला हो, डिजिटल झूम म्हणजे कॅमेरा फोटोचा मधला तुकडा कापतो आणि ताणून मोठा करतो, बस्स. ४ एक्स केलं की लांबी पाव, रुंदीही पाव, म्हणजे उरला सोळावा हिस्सा, १२ मेगापिक्सेलचा फोटो असेल तर पाऊण मेगापिक्सेल. १६ एक्सला तर २५६वा हिस्सा! एवढंच करायचं तर घरी कॉम्प्युटरवर फुकटात होतं की.

मग मला ४८ बद्दलही शंका यायला लागली. तुमच्याच पेपरातलं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीला चिकटवलं, कॅमेरा पुस्तकांच्या थप्पीवर ठेवला, टायमर लावला आणि एक फोटो ४८ वर काढला, एक १२ वर. दोन्हीत बारीक अक्षरं सारखीच फिसकटलेली, ४८ वाल्यात फक्त जास्त मोठी होऊन फिसकटलेली, आणि कार्ड भरलं ते वेगळंच. असल्या कॅमेऱ्यात सेन्सरवर, म्हणजे लेन्समागच्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, तेवढे पिक्सेल बरेचदा नसतातच, मधले पिक्सेल तो अंदाजाने भरतो, इंटरपोलेशन म्हणतात त्याला. बरं, ६ बाय ४ इंची प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढली तरी १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या जरासं वर, बाकीचे ४५ कशाला हवेत कुणाला!

खरा झूम, म्हणजे ऑप्टिकल, लेन्सच्या भोवती जे कडं असतं त्यावर लिहिलेला असतो हे मला एका मित्राने दाखवलं. त्याच्या जुन्या छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यावर लेन्सची फोकल लांबी होती ५.०-२५.० मिमी, पंचवीस भागिले पाच, पाच एक्स, संपला विषय. आमच्या नव्याकोऱ्या कॅमेऱ्याच्या कड्यावर एकच आकडा, आता भागणार काय डोंबल?

तो जुना आता पोरीकडे आहे. १२ मेगापिक्सेलचाच आहे पण पक्ष्याची चोच दिसते. त्याचीही रड आहेच, सेन्सर १/२.३ इंची, म्हणजे साधारण ६ बाय ४.५ मिमी, करंगळीच्या नखाहूनही लहान, त्यामुळे संध्याकाळी घरात फोटो दाणेदार येतात, आणि लांबून स्टेजकडे फ्लॅश उडवला तर पुढच्या रांगेतली डोकी तेवढी उजळतात. पण बटण अर्धं दाबायचं, हिरवा चौकोन आला, म्हणजे फोकस लागला, की मगच पूर्ण दाबायचं, एवढं शिकल्यावर तिचे निम्म्याहून जास्त धूसर फोटो बंद झाले. आधी ती धाडकन पूर्णच दाबायची, मीसुद्धा तसंच करायचो म्हणा.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी माहिती छापाल तेव्हा ऑप्टिकल झूम किती आणि सेन्सर केवढा हे आधी छापा, मेगापिक्सेल खाली कुठेतरी टाका. आणि डिजिटल झूमचा आकडा छापलाच नाहीत तर फारच बरं.

आपला,
एक कात्रणवाला वाचक