ते एक वाक्य तेवढं खोड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ देता येणारी गाडी विकायला काढलीस, तिच्या जाहिरातीचा कच्चा मजकूर वाचला. रागावू नकोस, पण हसू आलं. ‘एकहाती वापर, सगळी बिलं उपलब्ध’ इथपर्यंत झकास. ‘गाडी कधीही रस्ता सोडून गेलेली नाही’ हे वाक्य मात्र आधी खोड. एक तर ते खरं नाही. ओढ्यात निम्मं चाक बुडवून उभ्या केलेल्या गाडीचे फोटो तूच मला हौसेनं पाठवले होतेस. आणि खरं असतं तरी त्यानं तुझं नुकसानच झालं असतं. फोर बाय फोर घ्यायला येणारा माणूस दोन गोष्टींना भितो. आधीच्या मालकानं गाडी दगडाधोंड्यांवर आपटून खिळखिळी केली असेल, ही एक. आणि लो रेंजचा (कमी वेगात जास्त ओढ देणाऱ्या गिअरांचा) दांडा वर्षानुवर्षं कोणी हलवलाच नसेल, गरज पडेल तेव्हा तो जागचा हलणार नाही, ही दुसरी. तुझं वाक्य पहिली भीती घालवत नाही, कारण त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. दुसरी मात्र वाढवतं. त्यापेक्षा सरळ लिही : कच्चे रस्ते, चिखल, उथळ पाणी यांतून गेली आहे, आणि प्रत्येक वेळी परत आल्यावर तिची अमुक अमुक निगा राखली आहे. तू ती राखलीस हे मला माहीत आहे. विकायची खरी वस्तू तीच आहे.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यानं सांगितलेला आकडा ऐकून तू चिडलास, ते समजलं. पण त्याचीही बाजू बघ. तो गाडी महिनोन् महिने दारात उभी ठेवणार, दुरुस्तीचा धोका स्वतः घेणार, वर त्याला चार पैसे सुटले पाहिजेत. तुझी नेटकी गाडी आणि दुसऱ्याची मोडकी गाडी तो जवळपास एकाच तराजूत तोलतो, कारण त्याच्या हिशेबात वर्ष आणि किलोमीटर हेच मोठे. थेट गिऱ्हाइकाला विकलीस तर निगराणीचा मोबदला मिळेल. त्याबदल्यात व्यापाऱ्याची सगळी कामं तुझ्या गळ्यात पडतील, फोनवर ‘फायनल किती?’ विचारणाऱ्यांना तोंड देण्यापासून.

आता गाडी दाखवायची कशी ते सांगतो. जाणकार गिऱ्हाईक रंगाकडे बघत नाही, थेट वाकून खाली बघतं. म्हणून आठवडाभर आधी खालचा भाग साध्या पाण्यानं नीट धुऊन घे. चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पोकळ पट्ट्यांत आणि त्यांच्या भोकांमध्ये चिखल साचून राहतो, ओल धरतो आणि आतून गंज चढवतो. तिथं पाइप घालून पाणी स्वच्छ येईपर्यंत धू. मग वाळू दे. पण काळा रंग मारायच्या भानगडीत अजिबात पडू नकोस. गाडीखाली ताजं काळं कोटिंग दिसलं की माणसाच्या मनात एकच प्रश्न येतो, याखाली काय झाकलंय? स्किड प्लेटवर, म्हणजे दगडांपासून बचावासाठी खाली बसवलेल्या पत्र्यावर, चार ओरखडे असतील तर असू देत. ओरखडे प्लेटवर आहेत आणि चासीवर नाहीत, म्हणजे प्लेटनं आपलं काम केलं. इंजिनाचंही तसंच. वाफेनं चकाचक धुतलेलं इंजिन बघून मी तरी दोन पावलं मागे सरकेन. थोडी धूळ बसलेलं पण कोरडं इंजिन जास्त बोलतं, कारण गळती असती तर त्या धुळीचाच तेलकट चिखल झाला असता.

तेलांची बिलं वेगळी काढून वर ठेव. इंजिन ऑइल सगळेच बदलतात. पुढचा डिफरन्शियल, मागचा डिफरन्शियल (वळणावर डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअरांचे डबे) आणि ट्रान्सफर केस (इंजिनाची ओढ पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा), या तिन्हींचं तेल वेळच्या वेळी बदलणारे मोजकेच. तू ओढ्यातून आल्यावर तेल तपासायचास, ते का ते गिऱ्हाइकाला समजावून सांग. चालून तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदरची, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची, नळी तुंबलेली किंवा आखूड असली तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग तेल दुधट होतं आणि बेअरिंग हळूहळू खलास होतात. तू ब्रीदरच्या नळ्या वाढवून वर इंजिनाजवळ नेल्यास ना, त्यांचा एक स्पष्ट फोटो जाहिरातीत घाल. नवख्याला त्यातलं काही कळणार नाही, पण ज्याला कळेल तोच तुला हवा आहे. वाटल्यास त्याच्यासमोर डिफरन्शियलचा तेल भरायचा बोल्ट उघडून बोटाला लागलेलं तेल दाखव. ते स्वच्छ असेल तर पुढची अर्धी घासाघीस तिथंच संपते.

चारही चाकांची यंत्रणा चालवून दाखवताना जागा नीट निवड. तुझ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगात फरक पडू देणारा मधला डिफरन्शियल नाही. पुढचा आणि मागचा शाफ्ट एकदा जोडले की एकाच वेगानं फिरतात. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला काटायचा असतो. माती, खडी, गवत असेल तर चाकं थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर तसं होत नाही. ताण यंत्रणेतच साठतो, गाडी अडखळल्यासारखी चालते, टायर कुरकुरतात, आणि परत दोनच चाकांच्या ओढीवर आणताना दांडा अडकून बसतो. गिऱ्हाइकाला वाटतं गिअरबॉक्स गेला. म्हणून त्याला मातीच्या मैदानात ने. तरीही त्यानं उत्साहाच्या भरात डांबरावर लावलाच आणि दांडा अडकला, तर घाबरून हिसके देऊ नकोस. सरळ रेषेत थोडं मागे घे, ताण सुटतो. लो रेंज लावताना गाडी थांबव, न्यूट्रलमध्ये आण आणि मगच दांडा ओढ. मग एखाद्या उतारावर पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय पेडलवरून काढून, गाडी नुसत्या इंजिनाच्या जोरावर सावकाश उतरताना दाखव. हे बघून न भुललेला माणूस मी अजून पाहिला नाही. मात्र त्याआधी स्वतः दोनचार दिवस सगळे दांडे आणि मोड वापरून मोकळे करून घे.

इंजिन आधी तापवून ठेवू नकोस. तो आल्यावर बॉनेटवर हात ठेवील, आणि ठेवावाच. थंड इंजिन पहिल्या फटक्यात कसं सुरू होतं, धूर कोणत्या रंगाचा येतो, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे सगळे इशारादिवे लागतात आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतात, हेही दाखव. बिघाड लपवायला दिवाच काढून टाकणारे महाभाग असतात. त्याला स्वतःचा मेकॅनिक आणायचा असेल, स्कॅनर लावायचा असेल, तर खुशाल लावू दे.

टायर. स्टेपनी धरून पाचही एकाच मापाचे आणि एकाच कंपनीचे आहेत, हे आवर्जून लिही. चारचाकी ओढीच्या गाडीत झिजलेला आणि नवा टायर मिसळला की त्यांचे घेर वेगळे पडतात आणि यंत्रणेवर विनाकारण ताण येतो. टायरच्या कडेवरच्या कोडातले शेवटचे चार आकडे त्याचा जन्म सांगतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी जाणकार ते वाचणारच, तेव्हा आधी तूच वाचून ठेव. तू मूळ मापापेक्षा मोठे टायर घातलेस, म्हणजे मीटरवर दिसतात त्यापेक्षा गाडी थोडी जास्त धावलेली आहे. हेही सांगून टाक. मागून त्याच्या लक्षात आलं तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही संशय येईल.

विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढून काढायचं यंत्र), छतावरचा कॅरिअर, उंच केलेलं सस्पेन्शन यांवर तू केलेला खर्च जसाच्या तसा वसूल होईल ही आशा सोड. तो तुझा छंद होता, त्याचा नाही. शिवाय असे बदल नोंदणीत आणि विम्यात चालतात का, हा प्रश्न तो विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेव. मूळ स्प्रिंगा आणि बंपर माळ्यावर पडलेत ना? ते बरोबर देऊ कर. विंच मात्र मी आधीच उतरवून वेगळी विकली असती.

किंमत ठरवताना दुसऱ्यांच्या जाहिरातींतले आकडे बघशील, पण ती मागणी असते, मिळालेली रक्कम नव्हे. जी जाहिरात आठवडेच्या आठवडे लटकली आहे तिचा आकडा चुकलेला आहे, एवढं तरी त्यातून कळतं. याखाली द्यायचीच नाही असा आकडा मनाशी पक्का कर आणि घरात कोणाला सांगू नकोस. वहिनींना पाहुण्यांसमोर खरं बोलायची सवय आहे! फोनवर भाव पाडू नकोस. आधी गाडी बघू दे. दोष मात्र फोनवरच सांग. मागच्या दाराचा पोचा, एसीचा आवाज, जे असेल ते. इथं आल्यावर ते कळून कोणी हिरमुसून परत गेला तर दोघांचाही दिवस वाया.

आता जरा रुक्ष भाग, पण इथंच माणसं बुडतात. चालवायला देण्याआधी त्याचं लायसन्स बघ, विमा दुसऱ्या चालकाला लागू आहे ना ते तपास, आणि शेजारी स्वतः बस. जागा बदलताना चावी काढून हातात घे. फोटोत नंबरप्लेट झाक; चासीचा १७ अक्षरी क्रमांक गंभीर गिऱ्हाइकालाच दे. गाडी न बघताच पूर्ण किंमत द्यायला तयार असणारा, किंवा ‘चुकून जास्त पाठवले, फरक परत करा’ म्हणणारा, यांच्याशी दुसरं वाक्य बोलू नकोस. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. स्वतःच्या खात्यात रक्कम जमा झालेली दिसेपर्यंत चावी खिशातच राहू दे. शक्यतो बँकेतच भेटा. विसार घेतलास तर कागदावर लिही, आणि सौदा मोडला तर त्याचं काय करायचं तेही लिही. गाडीवरचं कर्ज फिटल्याचा दाखला आधी हातात हवा.

देताना कागदावर तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा घालून दोघांच्या सह्या घ्या. वेळ हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. त्याच संध्याकाळी त्यानं सिग्नल तोडला तर दंड तुझ्या नावावर येईल. मालकी बदलल्याची नोंद त्याच्या भरवशावर सोडू नकोस, नोंदणी कार्यालयाला तूही कळव, आणि ती झाल्याशिवाय विमा बंद करू नकोस. डॅशबोर्डवरच्या स्क्रीनमध्ये साठलेले तुझे फोन नंबर आणि घराचा पत्ता पुसून टाक, टोलचं स्टिकर काढ. दुसरी चावी, जॅक आणि चाकांच्या चोरी-प्रतिबंधक नटांचा तो छोटा पाना बरोबर दे. तो पाना नेहमी घरीच राहतो, आणि नव्या मालकाला पहिलं पंक्चर होतं तेव्हा तो शिव्या देत तुला फोन करतो.

सुधारलेला मजकूर आणि फोटो जाहिरात टाकण्याआधी मला पाठव. खालच्या बाजूचे फोटो दिवसा काढ, फ्लॅशमध्ये साधी धूळही गंजासारखी दिसते. पहिलं गिऱ्हाईक येईल तेव्हा हवं तर मी येऊन उभा राहतो. घासाघीस करताना तू फार लवकर विरघळतोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र