आजीची जन्मतारीख वाचून देणाऱ्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,
साष्टांग नमस्कार.

कोजागिरी होऊन आठवडा झाला. पत्र त्या रात्रीच लिहायला घेतलं होतं, पण दोन ओळींपुढे सरकेना. तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे तुम्हाला आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या सोहळ्याला येता आलं नाही, ही चुटपुट घरात सगळ्यांनाच लागली आहे. डोळ्यांना ताण द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, हे तुमच्या सूनबाईंकडून कळलं. म्हणून हे पत्र त्यांनीच तुम्हाला वाचून दाखवावं. आणि ते चारचौघांत लिहितेय, कारण मानधनाचं पाकीट परत करताना तुम्ही म्हणाला होतात, "पैसे नकोत, पण घराघरांत जुने कागद पडलेत, ते टाकू नका म्हणून चार लोकांना सांगा." तेव्हा त्या चार लोकांनाही कळावं म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

माझ्या आजीचा वाढदिवस आम्ही आजवर १ जूनला करत आलो. कागदोपत्री तिची जन्मतारीख १ जून १९४६. तिच्या पिढीतल्या किती जणांचे वाढदिवस १ जूनला येतात, हे महाराष्ट्रात कुणाला नव्याने सांगायला नको. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख सांगता आली नाही की मास्तर वयाचा अंदाज घेऊन १ जून लिहून मोकळे होत. आजीचं माहेर वाई तालुक्यातलं. तिची पत्रिका केलेली होती, पण १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत घर गेलं, त्यात ती पत्रिकाही गेली. "घर जळलं तेव्हा मला तिसरं सरलं होतं आणि मी मार्गशीर्षातल्या गुरुवारची, असं आई सांगायची," हे आजी आम्हाला वर्षानुवर्षं सांगत होती. आम्ही मान डोलवायचो आणि १ जूनला केक आणायचो. तिच्या सांगण्यात आणि कागदात दीड वर्षाचं अंतर पडतंय, हा हिशेब आमच्यापैकी एकानेही कधी करून बघितला नाही.

कोजागिरीची एक गोष्टही ती दर वर्षी सांगायची. आमच्याकडे कोजागिरीला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात. आश्विनी म्हणतात त्याला. आजी माहेरची थोरली, पाठचा भाऊ पाच वर्षांनी लहान. पण तिच्या आईने तिला कोजागिरीला कधीच ओवाळलं नाही. पाट मांडायची, भोवती रांगोळी काढायची, पाटासमोर निरांजन आणि वाटीभर दूध ठेवायची. पाट मात्र रिकामा. आजी सात-आठ वर्षांची असताना एकदा आपण होऊन त्या पाटावर जाऊन बसली, तर आईने एक शब्द न बोलता तिला दंडाला धरून उठवलं. "मी मुलगी म्हणून," असं म्हणून आजी गोष्ट संपवायची. कोजागिरीच्या दुधाचं पातेलं ढवळताना दर वर्षी हेच शेवटचं वाक्य. आम्हीही ते खरं मानलं होतं.

गेल्या वर्षी तिच्या सहस्रचंद्रदर्शनाचा विषय निघाला. दाखल्यावरच्या तारखेने तिच्या आयुष्यातली हजारावी पौर्णिमा २०२७ च्या वसंतात येत होती. माझ्या आतेभावाने मनावर घेतलं, कचेरीतून आजीच्या गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्या, म्हणजे कोतवाल बुकाच्या, १९४० ते १९५० मधल्या पानांच्या नकला मिळवल्या. सगळी जुन्या मोडी लिपीत. वाचून देणारं तिथे कुणी नव्हतं. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांकडे रीघ लागलेली. ज्यांना विचारलं त्यांच्याकडे कागदांचे गठ्ठे आधीच पडलेले होते. तुमच्याकडेही होतेच. तरी "आजींचं वय काय?" एवढंच तुम्ही फोनवर विचारलंत आणि म्हणालात, "मग हे आधी घेऊ."

साताऱ्याला तुमच्या घरी आले तो दिवस डोळ्यांसमोर आहे. मोबाइलवरचे फोटो तुम्ही बघितलेच नाहीत, कोपऱ्यावर पाठवून मोठ्या कागदावर छापून आणायला लावलंत. मग टेबलाशी बसून भिंग कागदावरून सरकवत मला दाखवलंत की मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो, मग त्या रेघेला अक्षरं टांगत जातो, हात उचलत नाही, शब्द तोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ठेवत नाही. तुमच्या वडिलांनी तलाठी असताना तुम्हाला हे शिकवलं, सुट्टीत, रोज एक पान. मला ती ओळ नुसती गुंतवळ दिसत होती. तुम्ही पेन्सिलीच्या मागच्या टोकाने त्यातून माझ्या पणजोबांचं नाव सोडवून काढलंत.

तिथेच मी पेढे आणायला निघाले होते. तुम्ही खाली बसवलंत. त्या गावात त्याच नावाचे दोन गृहस्थ होते. आणि जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसतं, बारसं व्हायच्या आधीच ती नोंद झालेली असते, नुसतं "मुलगी" लिहिलेलं असतं. मग आजीच्या भावाचा जन्म, घर जळल्यानंतरचा म्हणून ज्याची पत्रिका शाबूत आहे, तो तुम्ही आधी वहीत शोधलात. त्या ओळीत पणजोबांच्या वडिलांचं नाव आणि आळी दिलेली होती. ती खूण धरून तुम्ही उलटे मागे गेलात. पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत मी तुम्हाला चार वेळा फोन केला आणि चारही वेळा तुम्ही "अजून खात्री नाही" एवढंच म्हणालात, न चिडता.

पाचवा फोन तुमचा आला. "आजी जवळ आहेत का? असतील तर जरा बाजूला या." मी गॅलरीत गेले. तुम्ही सांगितलंत की नोंद सापडली, ता. ७ माहे डिसेंबर सन १९४४, मुलगी. आणि जरा थांबून म्हणालात, याच घरातली आणखी एक नोंद आहे. १९४२ च्या पावसाळ्यातली. तीही मुलगी. आणि तिचीच पुढच्या वर्षीची मृत्यूची नोंद, कारणाच्या रकान्यात "ताप".

मला बोलताच आलं नाही. आजीला सांगायचं की नाही, असं मी तुम्हालाच विचारलं. तुम्ही म्हणालात, "ते मी ठरवायचं नाही आणि तुम्ही एकटीनेही ठरवू नका. वडिलांशी बोला." बाबा रात्रभर जागे होते. सकाळी म्हणाले, तिची बहीण आहे, तिला कळायला हवं. हे कळवल्यावर तुम्ही म्हणालात, मग फोनवर नको, मी येतो. शहात्तराव्या वर्षी, डोळ्यांचा त्रास असताना, एसटीने पुण्याला आलात.

त्या दुपारबद्दल तुमचे खरे आभार मानायचे आहेत. तुम्ही आजीला आक्का म्हणालात. तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलात, कागद तिच्यासमोर ठेवलात आणि तिचं बोट हातात घेऊन तिच्या वडिलांच्या नावावर टेकवलंत. "आक्का, हे तुमचे वडील. हे गाव. आणि ही तुम्ही." मग वार काढून दाखवलात: गुरुवार. मार्गशीर्ष वद्य. आजी आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून बघत राहिली. इतकी वर्षं ती खरंच बोलत होती, गुरुजी.

मग तुम्ही दुसरा कागद काढलात. तो वाचताना तुमचा आवाज बदलला नाही, घाई नाही, दिलाशाची भाषा नाही. "आक्का, तुमच्या आधी एक मुलगी होती. वर्षभराची होऊन गेली." आजी किती तरी वेळ गप्प होती. तिने चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला, आणि त्या ओळीवर स्वतःच बोट ठेवून विचारलं, "हिचं नाव नाही का लिहिलेलं?" तुम्ही म्हणालात, "नाही आक्का. मृत्यूच्या नोंदीतही वडिलांच्याच नावाने, अमक्याची मुलगी, एवढंच आहे." तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पाट तिचा होता."

आणखी काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून आजीच्या तोंडून "मी मुलगी म्हणून" हे वाक्य आम्ही पुन्हा ऐकलेलं नाही. ऐंशी वर्षांच्या बाईच्या मनातून आईबद्दलचा एवढा सल निघणं, हे तुम्ही आमच्या घरात केलंत. मी हे उपकार कसे फेडू, ते मला खरंच समजत नाही.

आणि मग निघता निघता तुम्ही तो हिशेब मांडलात! पाठकोरा कागद मागून घेतलात. जन्मानंतरची पहिली पौर्णिमा २९ डिसेंबर १९४४ ची, पौषातली. तिथून यंदाच्या आश्विनापर्यंत ८० वर्षं १० महिने, म्हणजे पौर्णिमा झाल्या ९७०. मधले अधिक महिने तुम्ही १९४५ च्या अधिक चैत्रापासून २०२३ च्या अधिक श्रावणापर्यंत पंचांगावरून मोजलेत, ते भरले ३०. बरोबर एक हजार. तुम्ही दुसऱ्यांदा मोजलंत, तिसऱ्यांदा बाबांना मोजायला लावलंत. हजारावी पौर्णिमा कोजागिरीचीच, ६ ऑक्टोबर २०२५. दाखल्याच्या भरवशावर राहिलो असतो तर ती रात्र आमच्या घरावरून तशीच निघून गेली असती.

आता त्या रात्रीचं सांगते, तुम्ही ते बघायला हवं होतं. हॉल वगैरे घेतला नाही, आमच्या इमारतीच्या गच्चीवरच केलं. सकाळी शांत, होम झाला. तुला वह्यांची करायची असं आजीनेच ठरवलं होतं. तिला चौथीनंतर शाळेतून काढलं, त्याची हळहळ तिला अजून आहे. खालच्या धान्याच्या दुकानदारांनी त्यांचा जुना तराजू दिला, वर दोघे हमाल पाठवले. आजी भरली ४३ किलो. वह्या तिच्या माहेरच्या गावच्या शाळेत परवा पोचवल्या.

संध्याकाळी आई आणि आत्याने कणकेचे ८१ दिवे केले. वाती वळायला माझी लेक बसली, आठ वर्षांची. तिच्या वाती जाड झाल्या होत्या, आजीने त्या एकेक करून उकलल्या आणि तिच्याच हातून परत वळून घेतल्या. परातीत दिवे लावले तेव्हा एवढी धग लागत होती की आईने आणि आत्याने मिळून परात उचलली. आजी पाटावर बसली होती, मोरपिशी इरकल नेसून. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा तिला कोजागिरीला ओवाळलं. डोळे मिटून घेतले तिने, उघडलेच नाहीत बराच वेळ.

मग तिने आश्विनी केली. आधी बाबांना ओवाळलं, ते तिचं थोरलं अपत्य. आजीने मला खुणावलं, मी बाबांची थोरली, तर आईने मला ओवाळलं. मी माझ्या लेकीला. चौघांच्या कपाळांना कुंकू, खाली आटीव दुधाचं पातेलं, चारोळी-केशर घातलेलं, आणि समोरच्या इमारतीआडून चंद्र काही वर येईना. लेक दर दोन मिनिटांनी कठड्याशी जाऊन बघून यायची. आला तेव्हा तिनेच ओरडून सांगितलं. आजीने हात जोडले, चाळणीबिळणी काही नाही, नुसती बघत राहिली.

सगळे दूध प्यायला बसले तेव्हा आजीने मला आणखी एक पाट मांडायला सांगितला. रांगोळी तिने स्वतः काढली, हात थरथरतो तरी. निरांजन ठेवलं, वाटीभर दूध ठेवलं. लेकीने विचारलं, "पणजी, इथे कोण बसणार?" आजी म्हणाली, "माझी ताई."

गुरुजी, तुमचं भिंग आमच्याकडे राहिलंय. त्या दुपारी टेबलावर विसरलात. मी कुरिअरने पाठवणार होते, पण आजीने ते देवघरात, त्या दोन कागदांशेजारी ठेवलंय आणि ती ते देत नाही. म्हणते, "त्यांना म्हणावं, डोळे बरे झाले की येऊन घेऊन जा, आणि जेवायलाच या." तेव्हा डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की कळवा. घ्यायला मी गाडी घेऊन येईन, यावेळी एसटी नाही. मार्गशीर्षात आलात तर फार बरं होईल, तिचा वाढदिवस यंदापासून आम्ही तेव्हाच करणार आहोत.

तुमची,
आक्कांची नात